उताराच्या नोंदी: १.२ हेक्टर, एक तळं आणि २४ मीटरचा काठ

६ एप्रिल

सपाटीकरणाचा परवाना आज हातात आला. नकाशे खिशात ठेवून आधी जागा पायाखाली घातली. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत १२० मीटर, तेवढ्यात ६ मीटरचा उतार, म्हणजे विसास एक. रुंदी साधारण १००. मध्यावर मुरमाचा जुना खड्डा आहे, दोन मीटर खोल, कडा उभ्या. खालच्या हद्दीपलीकडे शेत आणि त्याच्याही पलीकडे नाला.

पाणी सध्या कुठून जातं, हे नकाशावर कुठेच नव्हतं. जमिनीवर दिसलं. गवताच्या बुडाशी अडकलेला पालापाचोळा हद्दीवर जवळजवळ सगळीकडे सारखाच आहे. एका ठिकाणी ढीग नाही की ओघळ नाही. म्हणजे पाणी पसरून येतं आणि पसरूनच जातं. हे तेव्हा नुसतं लिहून ठेवलं. पुढे दोन महिने याच एका ओळीने छळलं.

परवान्यातल्या अटी वाचल्या. भरावाचा आणि कटाईचा उतार दोनास एकपेक्षा उभा नको. भराव ३० सेंटिमीटरच्या थरांनी घालायचा आणि प्रॉक्टरच्या (म्हणजे प्रयोगशाळेत दाबून मिळणाऱ्या जास्तीत जास्त कोरड्या घनतेच्या) ९० टक्के दाबायचा. हद्दीबाहेर जाणारं पाणी पूर्वीपेक्षा जास्त नको. खालचं गाळ-तळं पूर्ण झाल्याशिवाय वरची जमीन उघडायची नाही. ६ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की २४ तासांत पाहणी आणि तिची लेखी नोंद. जिथे १४ दिवस काम होणार नाही, ती उघडी माती झाकायची.

७ एप्रिल

बेंचमार्क (उंची मोजायच्या पक्क्या खुणा) दोन बसवले, एक वर, एक खाली. खालचा टिप्परच्या वाटेत येतोय हे संध्याकाळी लक्षात आलं. हलवला.

९ एप्रिल

मातीचा हिशेब. कटाई (खोदून काढायची माती) २,४०० घनमीटर, भराव २,१३० घनमीटर. नवख्या माणसाला वाटतं २७० उरले. उरत काहीच नाही. खोदलेली माती टिप्परमध्ये सव्वापट होते आणि रोलरखाली जाऊन मूळ आकारमानाच्या नव्वद टक्क्यांवर येते. २,४०० चे २,१६० झाले, म्हणजे गणित जेमतेम जुळलं. टिप्परच्या फेऱ्या मोजणारा माणूस आणि भराव मोजणारा माणूस यांची भांडणं होतात ती याच दोन गुणकांमुळे. दोघांचेही आकडे बरोबर असतात.

वरची १५ सेंटिमीटर माती वेगळी काढायची. उघडणार ०.९ हेक्टर, म्हणजे १,३५० घनमीटर. तिचा ढीग कुठे घालायचा हे आधीच ठरवलं: वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वाटेपासून दूर. बीज, मुळं, जिवाणू, सगळं त्याच मातीत असतं. शेवटी गवत तिच्यावरच धरणार.

११ एप्रिल

आज पाण्याचा हिशेब. पद्धत जुनीच: वाहण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेतलं तर ३६० ने भागलं की सेकंदाला घनमीटर मिळतात. १५ मिनिटांच्या पावसासाठी तासाला ९० मिमी धरले. आजची गवताळ जमीन, गुणांक ०.३: निघाले ०.०९, म्हणजे सेकंदाला ९० लिटर. बांधकाम झाल्यावर गुणांक ०.७: २१० लिटर. मधले १२० लिटर अडवून ठेवायचे आणि सावकाश सोडायचे.

पाऊस लांबला की तीव्रता उतरते, पण पाणी येत राहतं, म्हणून एकाच कालावधीवर थांबून चालत नाही. १५ मिनिटांना १०८ घनमीटर साठा लागतो, २० मिनिटांना (तीव्रता ८०) ११६, अर्ध्या तासाला (तीव्रता ६५) १११. मधलाच सगळ्यात वाईट निघाला. साठवण १५० ची धरली. बाहेर पडायला २०० मिलिमीटरचं गोल भोक, त्याच्यावर १.२ मीटर पाणी चढलं की बरोबर ९० लिटर सोडतं.

जाता जाता: ही गुणाकाराची पद्धत आयर्लंडच्या मुल्व्हानी यांनी १८५१ मध्ये मांडली. मातीचा कण पाण्यात किती वेगाने बुडतो, हे सांगणारा स्टोक्स यांचा नियमही १८५१ चाच आणि स्टोक्स जन्माने आयरिश. चराचा वेग काढायचं मॅनिंग यांचं सूत्र १८८९ मध्ये वाचलं गेलं तेही आयर्लंडच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत. गढूळ पाण्याचं निम्मं गणित त्या एका ओल्या बेटावरून आलंय.

१५ एप्रिल

खालचं तळं खोदायला पोकलेन लावला. बांधकाम चालू असताना हे गाळ-तळं, नंतर हीच साठवण. हेक्टरी २५० घनमीटरचा ठोकताळा धरला, म्हणून ३०० घनमीटर. अमेरिकेच्या बांधकाम परवान्यात एकरी ३,६०० घनफूट म्हणतात ते हेच.

खालच्या हद्दीवर सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवणारं कापडी कुंपण, उभारायला सांगून वर गेलो. परत आलो तर कापड खालच्या हद्दीवर नव्हतंच, बाजूच्या हद्दीवर उतारालाच समांतर ताणलेलं. दिसायला सुरेख, खांब एका ओळीत. मुकादमांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, रस्त्यावरून हीच बाजू दिसते."

काढून घेतली. उताराच्या दिशेने लावलेलं कापड पाणी अडवत नाही, उलट त्याच्या कडेने पाण्याला वाट करून देतं. कापड समपातळी रेषेवर हवं, दोन्ही टोकं उताराच्या वरच्या बाजूला वळवलेली आणि खालची कड १५ सेंटिमीटर चरात गाडून वर माती ठोकलेली. गाडलं नाही तर पाणी खालून निघून जातं आणि वर कोरडं कापड फडफडत राहतं. दुसरी गोष्ट म्हणजे मर्यादा: ३० मीटर कापडामागे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त जमीन नको. आपलं १०० मीटर कापड एक तृतीयांश हेक्टर सांभाळेल. बाकीचं पाणी तळ्यातच गेलं पाहिजे. कापड लावलं म्हणजे काम झालं असं समजणारे ठेकेदार पुष्कळ भेटतात.

२२ एप्रिल

तळं खोदून झालं, पण बाहेर पडायचा पाईप आला नाही. पाईपवाला उद्या उद्या म्हणतोय. पोकलेन दोन दिवस उभा आहे आणि भाडं चालू आहे.

वरचा टप्पा उघडायला सांगितलं. आभाळ स्वच्छ आहे, आठवड्याभरात पाईप बसेल. अट माहीत होती. मीच सांगितलं, म्हणून मीच लिहून ठेवतो.

२८ एप्रिल

दुपारी चार वाजता पाऊस आला, पंचवीस मिनिटांत १४ मिलिमीटर. वरचा टप्पा ०.४ हेक्टर उघडा, भुसभुशीत. तळ्याकडे पाणी वळवणारा चर अजून अर्धाच. वरून येणारं पाणी त्या अर्ध्या चराच्या तोंडाशी जमलं, तिथून एका जागी फुटलं आणि सिल्ट फेन्सचे दोन खांब आडवे करून खालच्या शेतात उतरलं. पाणी फार नव्हतं, वीस-पंचवीस घनमीटर असेल. पण चहाच्या रंगाचं आणि सगळं एकाच ठिकाणी.

काका (खालच्या शेताचे मालक, नाव इथे नको) बांधावर उभे होते. चिडलेले नव्हते, त्याचीच जास्त लाज वाटली. म्हणाले, "पाणी तुमचं आहे असं मी म्हणत नाही. वरचं पाणी खाली येणारच. पण आजवर ते सबंध बांधावरून यायचं, कुठून आलं ते कळायचंही नाही. आता एका तोंडातून आलं."

मी म्हटलं, काका, तळं पूर्ण झालं की असं होणार नाही. म्हणाले, "तळ्याचं पाणी कुठून बाहेर पडणार?"

नकाशा उघडून दाखवला. हद्दीवर ३०० मिलिमीटरचा एक पाईप. त्यांनी बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता नकाशा परत दिला.

२९ एप्रिल

सकाळपासून काकांच्या शेतातला गाळ हाताने काढला. यंत्र आत घातलं नाही, चांगली जमीन दाबली गेली असती. आठ माणसं, दिवसभर. खर्च पोकलेनच्या दोन दिवसांच्या भाड्यापेक्षा जास्त झाला.

काल तळ्यात जेवढं पाणी पोहोचलं, त्यातलं एक बाटलीभर काढून शेडच्या खिडकीत ठेवलं. दहा मिनिटांत तळाशी बोटाच्या पेराएवढा थर बसला. हा रेतीचा आणि जाड पोयट्याचा भाग. वरचं पाणी संध्याकाळीही तसंच गढूळ. स्टोक्सच्या हिशेबाने ०.०२ मिमीचा कण एक मीटर खाली यायला पाऊण तास घेतो. ०.००२ मिमीचा चिकणमातीचा कण तेवढ्यालाच तीन दिवसांहून जास्त. कण दहापट लहान झाला की वेळ शंभरपट. तळं कितीही मोठं करा, चिकणमाती त्यात पूर्ण बसणार नाही. ती अडवायची जागा तळं नाहीच, ती जिथून सुटते ती जमीन आहे. म्हणून माती झाकायची अट कागदावर शेवटी असली तरी कामात सगळ्यात आधी येते.

मुकादम म्हणाले तुरटी फिरवू. घरच्या हंड्यात ठीक आहे. इथलं पाणी नाल्यात जातं आणि लेखी परवानगीशिवाय तळ्यात कुठलंही रसायन टाकायला मनाई आहे. एक मात्र बदललं: तळ्याचं पाणी तळाशी पाईप लावून काढायचं नाही. तोंड तरंगतं ठेवायचं, म्हणजे नेहमी वरचं, त्यातल्या त्यात नितळ पाणी बाहेर पडेल.

३ मे

परवाना विभागाचे अधिकारी पाहणीला आले. २८ तारखेची नोंद त्यांना स्वतःच दाखवली. शेरा लिहून घेतला: तळं कार्यान्वित होईपर्यंत वरचं काम बंद. बरोबरच आहे.

मग पाईपचा विषय काढला. एका तोंडाऐवजी पाणी पसरून सोडायचं म्हणतोय, नकाशा बदलावा लागेल. ते म्हणाले, "पूर्वी ९० लिटर, आता ९० लिटर. अट पूर्ण होते. मंजूर नकाशा का हलवताय?"

उत्तर सुचलं नाही. नियमावलीत खरंच तेवढंच आहे: पूर्वीपेक्षा जास्त नको. किती हे लिहिलंय, कसं हे लिहिलेलं नाही.

४ मे

रात्री बसून इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या अमेरिकेतल्या नमुना बांधकाम नियमावलीचं ग्रेडिंगवरचं (सपाटीकरणावरचं) परिशिष्ट 'जे' काढलं. आमच्या नियमावलीची बरीच कलमं तिथूनच उचललेली दिसतात: दोनास एक उतार, बारा इंची थर, नव्वद टक्के. हे परिशिष्ट आपोआप लागू होत नाही, स्थानिक संस्थेने ते मुद्दाम स्वीकारावं लागतं. स्वीकारताना काय घ्यायचं, काय गाळायचं हेही तीच ठरवते.

हद्दीवरून जाणाऱ्या पाण्याचं कलम सापडलं. पहिलं वाक्य आमच्याकडे आहे तेच. पण पुढे आणखी दोन वाक्यं आहेत. जादा किंवा एकवटलेलं पाणी जागेतच अडवावं, नाहीतर मंजूर निचरा व्यवस्थेकडे न्यावं. आणि जिथे पाणी सोडाल तिथली जमीन धुपणार नाही अशी सोय करावी. आमच्याकडे उतरवताना पहिलं वाक्य आलं, पुढची दोन वाटेतच राहिली. 'एकवटलेलं' हा एक शब्द असता तर काकांना बांधावर उभं राहून तो मला समजवावा लागला नसता.

असले नियम बहुधा चिखलातूनच निघतात. अमेरिकेतला पहिला ग्रेडिंगचा वटहुकूम लॉस एंजेलिसने १९५२ मध्ये काढला. त्याआधीच्या हिवाळ्यातल्या पावसाने डोंगरउतारांवरच्या नव्या वस्त्यांमध्ये चिखल उतरला होता. प्रॉक्टर हेही त्याच शहराच्या पाणीपुरवठा खात्याचे. धरणांचे मातीचे भराव दाबताना लिहिलेले त्यांचे लेख १९३३ चे.

८ मे

पसरवणाऱ्या काठाचा आराखडा. हद्दीच्या ६ मीटर आत, समपातळी रेषेवर, एक आडवा चर. पाईप चरात सोडायचा, चर भरला की पाणी खालच्या काठावरून पातळ थराने ओसंडेल आणि ६ मीटर गवतावरून पुढे जाईल. काठ किती लांब हवा? १२-१३ मीटर पुरतात असा एक ठोकताळा आहे. जागा होती म्हणून २४ घेतले.

९० लिटर २४ मीटरवर पसरले की मीटरमागे पावणेचार लिटर. काठावर पाण्याची जाडी १७ मिलिमीटर. फोर्टियर आणि स्कोबी यांच्या १९२६ च्या तक्त्यात साध्या घट्ट पोयट्याला सेकंदाला पाऊण मीटर वेग सोसतो. काठावर वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी राहील. मूळ पाईपच्या तोंडाशी १.२७ मीटर होता. हा आकडा अधिकाऱ्यांसाठी अर्जात वरती लिहिला.

आता मेख. १७ मिलिमीटर जाडी म्हणजे काठ एखाद्या ठिकाणी १० मिलिमीटर खाली असला की तिथे २७ होते आणि प्रवाह जाडीच्या दीडाव्या घाताने वाढतो, म्हणजे तिथून सरळ दुप्पट पाणी. लहान पावसात तर सगळंच तिथून. मग पसरवायचा काठ नुसता नावापुरता, पुन्हा एक तोंडच. भराव करताना १० मिलिमीटरचा फरक आम्ही मोजतसुद्धा नाही.

१२ मे

तळ्याचा पाईप, तरंगतं तोंड, दगडी सांडवा, सगळं बसलं. अधिकाऱ्यांना कळवलं. वरचं काम पुन्हा सुरू.

जुना मुरमाचा खड्डा भरायला घेतला. कडा पाचास एकपेक्षा उभ्या आणि भराव दीड मीटरपेक्षा जास्त, म्हणून आधी कडेला पायऱ्या कोरल्या. नाहीतर उभ्या कडेवर टेकवलेला भराव पुढेमागे तिथूनच घसरतो, दोन मातींमध्ये सांधा राहतो. मुकादमांनी तळाशी दोन मोठे धोंडे ढकलले होते, "भराव लवकर उरकेल" म्हणून. काढायला लावले. धोंड्याच्या बगलेत रोलर पोहोचत नाही, पोकळी राहते आणि माती तिच्यात दोन पावसाळे बसत राहते.

१७ मे

घनतेची चाचणी नापास. प्रयोगशाळेत जास्तीत जास्त कोरडी घनता १.९२ (घनसेंटिमीटरला ग्रॅम), ओलावा ११ टक्के असताना. खड्ड्यावरच्या चौथ्या थरात मिळाली १.६६, म्हणजे ८६ टक्के. रोलरवाला म्हणतो दहा फेऱ्या मारल्या. मारल्या असतील. माती कोरडी आहे, ओलावा ६ टक्के. कोरडे कण एकमेकांवरून सरकत नाहीत, वीस फेऱ्या मारल्या तरी वरचा पापुद्राच दाबला जाईल.

टँकरने पाणी मारलं, नांगरून मिसळलं. मग मूठ. माती मुठीत घट्ट दाबून हात उघडायचा. लाडू झाला पाहिजे, तळव्याला चिखल लागता कामा नये आणि दोन बोटांत दाबल्यावर लाडू दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे. भुकटी झाली तर पाणी कमी, चेपला गेला तर जास्त. रोलरवाल्याला मूठ करून दाखवली, मग दर फेरीआधी तोच करून पाहू लागला. दुपारची चाचणी १.७८, म्हणजे ९२ टक्क्यांवर. पास.

२४ मे

काठ ओतला. २४ मीटर, ३० सेंटिमीटर रुंद. ऑटो लेव्हलने (पातळी पाहायच्या दुर्बिणीने) खुणा दिल्या होत्या, पण अंतिम तपासणी पाण्याच्या नळीने केली. पारदर्शक नळी, आत पाणी, एकही बुडबुडा नको. बुडबुडा अडकला तर दोन्ही टोकं मनाला येईल ते सांगतात. एक टोक मध्यावर धरायचं, दुसरं दर दोन मीटरवर न्यायचं, पाणी डुलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून पाहायचं आणि खूण करायची. तेरा जागा. सगळ्यात वर अधिक ३ मिमी, सगळ्यात खाली उणे २. गवंडी म्हणाले, "फरशीलाही एवढं कोणी बघत नाही."

वर-खाली करता येईल अशी लोखंडी पट्टी काठावर बसवायचा विचार होता. खर्च म्हणून सोडला.

३० मे

सुधारित नकाशा मंजूर. अधिकाऱ्यांनी फाईलवर एक ओळ स्वतःहून वाढवली: 'पूर्वीचा प्रवाह पसरट होता, तो तसाच राखला आहे.' फोनवर म्हणाले, पुढच्या फायलींनाही लावतो.

६ जून

मधला २.२ मीटरचा उतार पूर्ण. पेंढा अंथरून वर जाळी ताणली, खाली गवताचं बी. वरची माती १० सेंटिमीटर परत पसरली. रोलर फिरवला नाही, पोकलेनच्या साखळीने उतारावर वर-खाली फिरून चरे उमटवले. चरे आडवे पडतात आणि प्रत्येकात थोडं पाणी, थोडं बी थांबतं. गुळगुळीत घोटलेला उतार फोटोत छान दिसतो आणि पहिल्या पावसात त्याच्यावर नखांनी ओरबाडल्यासारख्या रेषा उठतात.

११ जून

९ मिमी. पाहणी केली. तळ्यात वीतभर पाणी, काठावरून काही नाही.

१९ जून

२३ मिमी. साईटच्या तोंडाशी टिप्परच्या चाकांनी रस्त्यावर चिखल नेला. तिथे १५ मीटर लांब खडीचा पट्टा होता, पण खालचं जिओटेक्स्टाईल (खडी मातीत रुतू न देणारं कापड) अर्ध्यावर संपलेलं आणि उरलेल्या भागात खडी मातीत रुतून गेली. कापड वाढवलं, ५० ते ७५ मिमीची खडी नव्याने टाकली. रस्ता झाडून घेतला. पाण्याने धुतला नाही. धुतला असता तर तोच चिखल गटारात आणि गटारातून नाल्यात.

सिल्ट फेन्समागे गाळ निम्म्या उंचीला आला होता. नियमाप्रमाणे काढला आणि वरच्या ढिगाऱ्यापाशी नेला. कापडाच्या पलीकडे लोटायचा मोह माणसांना होतो, उभं राहावं लागतं.

२ जुलै

दिवसभरात ६८ मिमी, त्यातले ३१ दुपारच्या चाळीस मिनिटांत. छत्री घेतली होती, उघडली नाही, दोन्ही हात लागत होते.

तळं भरलं, सांडव्याला अजून दोन वीत अंतर. तरंगतं तोंड नीट चाललं. चर भरायला सहा-सात मिनिटं लागली, मग काठ ओला झाला आणि पाणी ओसंडू लागलं. स्टीलची पट्टी लावून जाडी मोजली: मध्यावर ८ मिमी. म्हणजे सेकंदाला तीसेक लिटर येत होते, एक तृतीयांश क्षमता. पाणी मातकट होतं, पण २८ एप्रिलचं चहाचं नव्हतं.

पूर्वेकडच्या शेवटच्या तीन मीटरांवर त्याहून पातळ. पश्चिमेला मात्र १५ मिमी आणि तिथलं गवत आडवं पडलेलं, मुळं दिसू लागलेली.

काकाही आले होते, डोक्यावर पोत्याची खोळ. बांधाच्या कडेने पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, वाकून पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "इथं जास्त येतंय." पट्टी न लावता.

३ जुलै

उघाड. नळी लावली, दुसरं टोक काकांनी धरलं. मे महिन्यात तेरा जागा तपासल्या त्याच पुन्हा. पूर्व आणि मध्य जिथल्या तिथे. पश्चिमेचे चार मीटर ७ मिमी खाली बसलेत. जुनं रेखाटन काढून पाहिलं: एप्रिलमध्ये माती तपासायला घेतलेला चाचणी-खड्डा बरोबर त्याच चार मीटरांखाली आहे. तो पोकलेनच्या बकेटने लोटून बुजवला होता. थर नाहीत, ओलावा नाही, मूठ नाही. परवान्यातली भरावाची अट चाचणी-खड्ड्याला लावायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही.

काँक्रीट फोडायचं नाही. पूर्ण २४ मीटरवर लोखंडी अँगल, उभ्या लांबट भोकांतून बोल्ट, २० मिमी वर-खाली करता येईल असा. मे महिन्यात सोडला होता तोच. मागे सिमेंटचा सांधा भरायचा, नाहीतर पाणी अँगलच्या खालून जाईल. माप वेल्डरला दिलं. तोवर पश्चिमेच्या चार मीटरांवर वाळूची पोती आणि पलीकडे उघड्या पडलेल्या मुळांवर वरच्या ढिगातली दोन घमेली माती.

७ जुलै

अँगल बसला. नळीने तेरा जागा: अधिक १, उणे १. सकाळी ११ मिमी पाऊस, काठ जेमतेम ओला. पूर्वेचं टोक पहिल्यांदाच बाकीच्या काठाइतकं भिजलेलं पाहिलं.